हळदीचे पेव, पण पोटातले

मुलांनो, खोकला झाला की हळदीचे दूध समोर येते आणि तुमचे तोंड वाकडे होते. गेल्या उन्हाळ्यात सांगलीहून स्लाऊला आलेल्या आजोबांना माझ्या मुलीने विचारले, "हळद पाण्यात का नाही देत? दूधच का?" आजोबा म्हणाले, "आमची आई दुधातच द्यायची!" तेवढ्याने तिचे समाधान होईना, म्हणून मी वाचायला बसलो.

आधी एक प्रयोग करा. एका पेल्यात पाणी, दुसऱ्यात कोमट दूध घ्या. दोन्हींत चिमूटभर हळद ढवळून दहा मिनिटे थांबा. पाण्यात हळद तळाशी बसते, दूध मात्र पिवळे राहते.

हळदीचा पिवळा रंग कर्क्युमिनचा. कापलेले सफरचंद हवेतल्या ऑक्सिजनमुळे तपकिरी पडते ना? तशी झीज रोखणाऱ्या पदार्थांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. कर्क्युमिन त्यांपैकीच एक. पण ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. आतड्यातून थोडेसे आत गेले, तर यकृत त्याचे रूप बदलून बाहेर काढते. म्हणजे खाल्लेले बहुतेक वायाच जाते!

दुधात केसीन नावाचे प्रथिन असते. त्याचे गोळे इतके बारीक, की केसाच्या जाडीत शेकडो मावतील. कर्क्युमिन या गोळ्यांना आणि दुधातल्या स्निग्धांशाला चिकटून राहते.

शास्त्रज्ञांनी हीच युक्ती पुढे नेली. मक्यातले झेइन हे प्रथिनही नुसत्या पाण्यात विरघळत नाही. झेइन आणि कर्क्युमिन पाणी मिसळलेल्या अल्कोहोलमध्ये विरघळवतात आणि ते मिश्रण ढवळत्या पाण्यात ओततात. झेइनचे अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि कर्क्युमिन त्यांत अडकते. हे कण म्हणजे नॅनोकण.

आजोबांना हे लगेच कळले. सांगलीजवळ हरिपूरला हळद जमिनीखालच्या पेवांत साठवत. तोंड बंद केले की आत हळद सुरक्षित. बाजारात भाव आला की पेव उघडायचे. इथे प्रथिन हे पेव. जठरात ते लवकर फुटू नये आणि लहान आतड्यातल्या पाचकरसांनी हळूहळू उघडावे, असा प्रयत्न असतो.

आता पालकांसाठी. त्याच आजोबांच्या पिशवीत "शोषण अनेक पटींनी जास्त" असे लिहिलेली हळदीच्या गोळ्यांची बाटली निघाली. ते रक्त पातळ ठेवणारे औषध घेतात. आमच्या केमिस्टने बाटली पाहताच विचारले, "डॉक्टरांना सांगितलंय का?" नव्हते सांगितले. हळद रोजचीच, तिचे काय सांगायचे, असे आम्हा सगळ्यांनाच वाटले होते.

पण हळदीत कर्क्युमिन असते शेकडा साधारण तीन भाग. गोळीत ते कितीतरी जास्त आणि शोषणही वाढवलेले. इटलीत 2019 साली अशा गोळ्या घेणाऱ्या काहींना यकृताची सूज आली, तेव्हा तिथल्या आरोग्य खात्याने वेष्टनावर इशारा छापायला लावला. कर्क्युमिनने अमुक रोग बरा होतो असे माणसांवरच्या चाचण्यांत अजून ठामपणे सिद्ध झालेले नाही. शरीराचे दार उघडायची युक्ती सापडली, म्हणून आत कितीही ढकलावे असे नाही.

आजोबांची बाटली आता बंद आहे. वरणाच्या फोडणीतली हळद आणि रात्रीचे दूध मात्र चालू आहे. तुमच्या घरी आजी-आजोबा आले, की त्यांच्या गोळ्यांच्या डब्यात एकदा जरूर डोकवा. आणि मुलांनो, प्रयोग करताना हळद स्वयंपाकघराच्या ओट्यावर सांडू नका. डाग निघत नाही, आणि आई तुम्हाला नाही, मला विचारेल!