तीन गोळ्यांचा पुरावा

हरणांच्या शिकारीचा मोसम जवळ आला तसा ऑफिसातल्या मित्राने पाचशे डॉलरच्या आतली बोल्ट-ॲक्शन रायफल घेतली. शंभर यार्डांवरून तीन गोळ्या, तिन्ही भोकं एका इंचात! फोटो दाखवून म्हणाला, "एक मिनिटाची बंदूक आहे." हे मिनिट घड्याळातलं नव्हे, अंशाचा साठावा भाग. शंभर यार्डांवर ते १.०४७ इंच भरतं.

मी बंदूकवाला नाही, पण संख्याशास्त्र थोडं येतं. ज्या रायफलच्या तीन गोळ्या सरासरी एका इंचात बसतात, तिच्याच पाच गोळ्यांना सुमारे १.३ आणि दहांना १.६ इंच लागतात. शिवाय तीन गोळ्यांचा आकडा दर वेळी इतका बदलतो, की फोटो निघतो तो बहुधा नशिबाचा.

म्हणून स्वस्त रायफल वाईटच, असं मात्र नाही. १९५८ सालच्या सॅव्हेज ११० मध्ये बॅरल नटाने घट्ट बसवतात, त्यामुळे कारागिराचं बरंच हातकाम वाचतं. काटकसर दिसते ती प्लास्टिकच्या दस्त्यात. तो लवचिक असेल आणि दाब पडताच बॅरलला टेकत असेल, तर नेम सरकतो. दुकानातच दोन्हींमधून कागदाची पट्टी सरकवून पाहावी.

मित्राने मग दहा गोळ्या झाडल्या. पावणेदोन इंच! तो खट्टू झाला. पण हरणाच्या छातीतली मर्माची जागा आठेक इंचांची असते. रायफल त्याने ठेवली. दुर्बिणीसाठी बाजूला काढलेल्या पैशांतून सरावाच्या गोळ्या आणल्या.