शून्य, गैरहजर आणि संगणक

घटक चाचणीत पाच मुलांपैकी चौघांना ४०, ३५, ४५ आणि ३० गुण मिळाले. पाचवा गैरहजर होता. सरासरी किती? त्याच्यापुढे शून्य मांडले तर ३०, त्याला वगळले तर ३७.५. गुणपत्रकात आपण 'गै.ह.' लिहितो आणि हिशेब करताना ते ध्यानात ठेवतो. संगणकाला मात्र ते ठरवून द्यावे लागते. त्यासाठी बहुतेक संगणक-भाषांत किमतींचे प्रकार केलेले असतात.

'लुआ' ही अशीच एक छोटी भाषा. ब्राझीलमधील रिओ दि जानेरोच्या कॅथॉलिक विद्यापीठात ती १९९३ मध्ये तयार झाली. पोर्तुगीजमध्ये लुआ म्हणजे चंद्र. तिच्यात मूळ प्रकार आठच आहेत. आपल्या गुणपत्रकाला त्यांतले पाच पुरतात.

नंबर म्हणजे संख्या. तिच्यावर गणिती क्रिया करता येतात. स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची माळ. मुंबईचा दूरध्वनी संकेतांक ०२२ नंबर म्हणून दिला, तर लुआ तो २२ धरते. सुरुवातीचे शून्य जाते. स्ट्रिंग म्हणून दिला तर जसाच्या तसा राहतो. म्हणजे अंकांत लिहिलेली प्रत्येक गोष्ट संख्या नसते!

बूलियन या प्रकारात दोनच किमती: खरे आणि खोटे. 'निल' म्हणजे काहीच नसणे. निल बेरजेत आला तर लुआ चूक दाखवून थांबते. चुकीचे उत्तर देण्यापेक्षा हे बरेच. पाचवा प्रकार टेबल. यात नावापुढे किंमत नोंदवता येते, अगदी आपल्या गुणपत्रकासारखी.

आता गैरहजर मुलापुढे काय लिहावे? निल लिहून चालेल असे वाटते. पण टेबलात एखाद्या नावापुढे निल ठेवला की ती नोंदच पुसली जाते. मग गैरहजर मुलगा आणि पटावर नसलेला मुलगा यांत फरक उरत नाही. म्हणून तिथे 'खोटे' ही बूलियन किंमत ठेवावी. नोंद टिकते, पण गुण नाहीत हेही कळते.

आता संगणकाला सांगू या: नावापुढची किंमत 'खरी' असेल तरच ती बेरजेत घे आणि तो मुलगा मोज. लुआमध्ये फक्त 'खोटे' आणि निल या दोनच किमती अशा अटीत नापास होतात. शून्य पास होते. त्यामुळे शून्य गुण मिळवणारा मुलगा मोजला जातो, गैरहजर वगळला जातो. 'सी' भाषेत मात्र अशा अटीत शून्य म्हणजेच खोटे. तिथे हीच युक्ती केली, तर परीक्षेला बसून शून्य मिळवणाराही गळेल आणि सरासरी फुगेल.

हे शिकवायला संगणक हवाच असे नाही. फळ्यावर पिनकोड, उंची, हजेरी क्रमांक, वजन, 'आज डबा आणला का?' असे लिहा. यांतल्या कशाची सरासरी काढण्यात अर्थ आहे, ते मुलांना विचारा. प्रकार म्हणजे काय ते त्यांना आपोआप उमगेल.