शांत घाटरस्ते कुठे उरले? भोर ते सातारा, सायकलवरून

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी पुण्याहून सायकलवर कोकणात उतरायचे म्हटले, की ताम्हिणी घाटाचे नाव सर्वप्रथम घेतले जाई. मुळशी जलाशयाचा काठ, पुढे दाट झाडी आणि अधूनमधून एखादी मोटार, असा तो रस्ता होता. पुढे रस्ता रुंद झाला, कोकणात जाणाऱ्या मोटारींना तो सोयीचा वाटू लागला आणि पावसाळ्यातील शनिवार-रविवारी तेथे वाहनांच्या रांगा लागू लागल्या. जंगल तेच, डोंगर तेच. पण सायकलस्वाराला ज्यासाठी तेथे जावेसे वाटे, ती शांतता मात्र राहिली नाही.

ताम्हिणीच्या या उदाहरणातून एक गोष्ट लक्षात येते. डोंगरातील एखादा रस्ता शांत असतो, तो केवळ आडवाटेला आहे म्हणून नव्हे. सह्याद्रीच्या पूर्वेस पुणे-सातारा-कोल्हापूर असा राष्ट्रीय महामार्ग आहे आणि पश्चिमेस कोकणातून जाणारा मुंबई-गोवा महामार्ग. या दोहोंना जोडणाऱ्या घाटांपैकी ज्यांतून मालमोटारी सुखाने जाऊ शकतात, त्या घाटांवर वाहतुकीचा सारा भार पडतो. कराड-चिपळूण मार्गावरील कुंभार्ली किंवा कोल्हापूर-रत्नागिरी मार्गावरील आंबा ही त्याची उदाहरणे. ज्या घाटांची वळणे अरुंद आहेत, ते आपोआप मागे पडतात. याशिवाय रस्त्यांचा एक वेगळा प्रकार आहे, तो म्हणजे धरणाच्या पाण्यापाशी येऊन संपणारा रस्ता. पलीकडे जाण्यासाठी वाटच नसल्याने त्यावर केवळ त्या गावांचीच वाहने असतात.

या दोन्ही प्रकारचे रस्ते एकाच सफरीत पाहावयाचे असतील, तर भोर-महाड-महाबळेश्वर-तापोळा-सातारा हा मार्ग उत्तम. एकूण अंतर जेमतेम दोनशे किलोमीटर. रोज शंभर किलोमीटर सायकल चालविणाऱ्यांना ते किरकोळ वाटेल. पण यात घाटमाथ्यावरून कोकणात उतरून पुन्हा साडेबाराशे मीटर चढावे लागते, हे विसरून चालणार नाही. तीन दिवस राखून ठेवलेले बरे.

भोर सोडल्यावर रस्ता नीरा-देवघर धरणाच्या जलाशयाच्या काठाने पश्चिमेकडे जातो. चढ-उतार सतत असले, तरी दमछाक करणारी चढण नाही. हिरडोशीच्या पुढे वस्ती विरळ होते आणि झाडी वाढू लागते. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर वरंधा घाटाचा माथा लागतो. तेथील वाघजाईच्या देवळापाशी चहा-भज्यांच्या टपऱ्या आहेत. येथे पाणी भरून घ्यावे आणि खाऊ माकडांच्या नजरेआड ठेवावा. घाटरस्ता कावळ्या किल्ल्याच्या डोंगरसोंडेला खिंडीत कापून पलीकडे उतरतो. समोर कोकणाची खोल दरी. समर्थ रामदासांनी दासबोधाची रचना जेथे केली असे मानले जाते, ती शिवथरघळ याच दरीत आहे.

उतार लागला, की नवखा सायकलस्वार चुकतो तो ब्रेकच्या बाबतीत. दोन्ही ब्रेक सतत दाबून धरल्याने ते तापतात आणि ऐन वळणावर दगा देऊ शकतात. वळणापूर्वी वेग कमी करावा, वळणात ब्रेक सोडावा आणि आपली बाजू सोडू नये, हा साधा नियम. वरंध्याची वळणे अशी आहेत, की समोरून येणारे वाहन अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही.

हा घाट शांत राहिला, त्याचे कारण त्याची अरुंदता आणि दरडी. सह्याद्रीचा हा भाग लाव्हारसाच्या थरांवर थर साचून तयार झालेला आहे. कठीण काळा पाषाण आणि त्याखाली ठिसूळ, मुरमाड थर अशी रचना पुनःपुन्हा येते. पावसाचे पाणी ठिसूळ थरात मुरते, तो सुटतो आणि वरचा कातळ निराधार होऊन कोसळतो. रस्त्यासाठी डोंगराचा पायथा कापला, की हा धोका आणखी वाढतो. २२ जुलै २०२१ रोजी महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी याच परिसरातील, महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. गेल्या काही वर्षांत पावसाळ्यात वरंधा घाट वाहतुकीस बंद ठेवण्याचे आदेश वारंवार निघाले आहेत. सायकलला कोण अडवतो, असे म्हणून अडथळ्याच्या बाजूने पुढे सरकणारे काही जण असतात. ते धाडस नव्हे. दरड वाहन पाहून कोसळत नाही.

म्हणूनच या सफरीचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पाऊस ओसरलेला, ओढ्यांना थोडे पाणी, पहाटे अंगावर काटा आणणारी थंडी.

महाडहून पोलादपूरपर्यंतचे सुमारे वीस किलोमीटर मुंबई-गोवा महामार्गावरून काढावे लागतात. या सफरीतील हा सर्वांत नीरस आणि सर्वांत धोक्याचा टप्पा. पहाटे निघून तो लवकर उरकावा, एवढेच.

पोलादपूरपासून आंबेनळी घाटाचा रस्ता सुरू होतो. ब्रिटिश अमदानीत फिट्झगेराल्ड घाट या नावाने ओळखला जाणारा हा रस्ता सावित्री नदीच्या खोऱ्यातून चढत चढत तिच्या उगमाकडे, महाबळेश्वरला जातो. अंतर सुमारे चाळीस किलोमीटर. चढाची सरासरी काढली, तर शंभर मीटरला तीन मीटरच्या आसपास येते. आकडा फसवा आहे. सुरुवातीचा बराचसा भाग सौम्य असून खरी चढण नंतर, पाय थकल्यावर येते. तरीही जुन्या घाटरस्त्यांची आखणी बैलगाड्यांचा विचार करून झालेली असल्याने चढ एकाएकी अंगावर येत नाही. पुढे लहान व मागे मोठे दातेरी चक्र असलेली सायकल असेल, तर सावकाश, बसल्या जागी हा घाट चढता येतो. प्रतापगडाच्या पायथ्याच्या कुंभरोशीपर्यंत पोहोचले, की पाणी आणि जेवणाची सोय होते. येथून वर सुटीच्या दिवशी पर्यटकांच्या गाड्या वाढतात. म्हणून हा दिवस आठवड्याच्या मधला निवडावा. याच घाटात २८ जुलै २०१८ रोजी दापोली येथील कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळून तीस जणांचा मृत्यू झाला होता. कठडा आहे म्हणून दरीकडील कडेने जाण्याची सवय येथे सोडावी.

महाबळेश्वर गावाविषयी वेगळे सांगण्याची गरज नाही. जांभूळ, हिरडा, अंजन यांची वाऱ्याने खुरटलेली, शेवाळाने मढलेली राने मात्र मुख्य बाजारापासून पाच मिनिटांवर सुरू होतात आणि बहुतेक पर्यटकांना ती दिसत नाहीत. जानेवारी २००१ मध्ये महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाल्याने ती काही प्रमाणात टिकून आहेत.

या सफरीचा गाभा आहे तो तिसऱ्या दिवशी. महाबळेश्वरहून तापोळ्याचा रस्ता कोयनेच्या खोऱ्यात उतरतो. पंचवीस-सत्तावीस किलोमीटरमध्ये जवळपास सातशे मीटर उतार. एका बाजूला रान, दुसऱ्या बाजूला पायऱ्यांची भातखाचरे, आणि खाली प्रत्येक वळणावर थोडे अधिक दिसणारे शिवसागराचे पाणी. सकाळी सातच्या सुमारास निघाल्यास सायकलच्या साखळीचा आवाजही कानाला मोठा वाटतो. रानगव्यांचा वावर असल्याने अगदी झुंजूमुंजू असताना मात्र निघू नये. गवा रस्त्यात दिसला, तर थांबावे, तो जाईपर्यंत वाट पाहावी आणि घंटी वाजवू नये.

तापोळ्याला रस्ता पाण्याशी थबकतो. कोयना आणि सोळशी यांच्या संगमावरील हे गाव. कोयना धरणाने येथील खोऱ्याचा तळ पाण्याखाली नेला. १०५ टीएमसी क्षमतेच्या या जलाशयाने राज्याला वीज दिली आणि काठावरील गावांचे एकमेकांशी असलेले रस्ते तोडले. असंख्य कुटुंबे रायगड, ठाणे, सोलापूर, सांगली अशा दूरच्या जिल्ह्यांत गेली. जी डोंगरउतारावर वर सरकून राहिली, त्यांचे दळणवळण वर्षानुवर्षे लाँच आणि तराफ्यांवर चालले. शाळा, बाजार, दवाखाना, सारे काही पाण्याच्या वेळापत्रकावर. शहरातून आलेला सायकलस्वार ज्या शांततेसाठी येथे येतो, ती शांतता या गावांनी मागितलेली नव्हती. आजाऱ्याला रात्री सातारला नेणे येथे किती कठीण आहे, हे लक्षात घेतले, तर 'असेच राहू द्या' हा शहरी आग्रह थोडा बेजबाबदारच ठरतो.

बदल येऊ घातला आहेच. जलाशयावर तापोळ्याजवळ मोठ्या पुलाचे काम अलीकडच्या वर्षांत हाती घेण्यात आले. २०१९ मध्ये सातारा, पाटण आणि जावळी तालुक्यांतील २३५ गावांसाठी 'नवीन महाबळेश्वर' प्रकल्पाला मान्यता मिळाली आणि राज्य रस्ते विकास महामंडळाला नियोजनाचे अधिकार देण्यात आले. वरंधा घाटाचा समावेशही आता राष्ट्रीय महामार्गात झालेला असून त्याच्या रुंदीकरणाने वेग घेतला आहे. पूल आणि बारमाही रस्ता ही गावांची गरज आहे, यात वाद नाही. वाद आहे तो त्या पुलावरून येणाऱ्या हॉटेलांचा आणि डोंगरकापणीचा. पूल झाल्यावर केवळ रुग्णवाहिका व एसटी येईल असे कोणी समजत नाही. ताम्हिणीत हेच घडले, आणि तेथे गावकऱ्यांच्या हाती भज्यांच्या गाड्यांपलीकडे फारसे लागले असे दिसत नाही.

तापोळ्याहून बोटीने बामणोलीस जाता येते. सायकल बोटीत ठेवण्यास सहसा अडचण नसते. पैसे आधी ठरवून घ्यावेत आणि रोख रक्कम जवळ ठेवावी, कारण मोबाइलचे जाळे या खोऱ्यात भरवशाचे नाही. दुपारी बारापूर्वी पलीकडे पोहोचणे श्रेयस्कर. कारण बामणोलीहून कासपर्यंतची चढण बाकी असते. साधारण साडेसहाशे मीटर उंचीवरून बाराशे मीटरच्या सड्यावर, आणि तेही भर उन्हात. सावली तुटक आहे, टपऱ्या तुरळक. दोन लिटर पाणी, पंक्चर काढण्याचे साहित्य आणि एक जादा ट्यूब याशिवाय निघू नये. सायकल दुरुस्तीचे दुकान थेट साताऱ्यात.

कासच्या सड्यावर पोहोचले, की झाडी संपते आणि जांभ्याचा उघडा कातळ पसरतो. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ज्या स्थळांना युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत हे पठार आहे. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत फुलांच्या हंगामात येथील रस्त्यावर सायकल चालविणे म्हणजे मोटारींच्या धुरातून वाट काढणे. हिवाळ्यात फुले नसतात, आणि माणसेही नसतात. येथून सातारा पंचवीस किलोमीटर. बहुतांश सपाट माथा, मग यवतेश्वर घाटाचा उतार. घाटाच्या शेवटच्या वळणांवरून शहराचे दिवे दिसू लागतात आणि त्यापाठोपाठ गाड्यांचे भोंगे ऐकू येतात.