जकात शिपायांची वाट

जीआर 34 ही पायवाट फ्रान्सच्या ब्रिटनी प्रदेशाच्या किनाऱ्याला बिलगून माँ-सां-मिशेलपासून सां-नाझेरपर्यंत जाते. लांबी सुमारे 2,000 किलोमीटर. चोरटा व्यापार रोखण्यासाठी 1791 पासून जकात शिपाई या किनाऱ्यावर गस्त घालू लागले. पुढे गस्त थांबली आणि वाट झुडपांत हरवली. 1968 पासून तिचे टप्पे पुन्हा खुले होऊ लागले. 1976 च्या कायद्याने किनाऱ्यालगतच्या खासगी जमिनीतही तीन मीटर रुंदीची पट्टी पायी जाणाऱ्यांसाठी राखली. हा कायदा नसता, तर वाट इतकी सलग राहणे अवघड होते.

धावण्यासाठी सर्वांत देखणा टप्पा पेरोस-गिरेक ते प्लूमानाक. अंतर थोडे, पण एकावर एक रचल्यासारखे गुलाबी ग्रॅनाइटचे प्रचंड धोंडे, मधून वळणारी अरुंद वाट आणि खाली समुद्र. शेवटी येणारे दीपगृहही त्याच गुलाबी दगडाचे. ओल्या दगडावर पाय सटकतो, त्यामुळे इथे वेग आवरावा लागतो. वाटेची खूण म्हणजे वर पांढरा, खाली लाल पट्टा. याच रंगांची फुली दिसली, तर दिशा चुकली.

सपाटीवर धावायचे असेल, तर नाँत-ब्रेस्त कालव्याचा काठ उत्तम. सुमारे 360 किलोमीटरच्या या कालव्यालगत, पूर्वी घोडे जिथून नावा ओढत, तिथे आज सावलीची वाट आहे. चढ येतो तो बहुधा जलपाशाजवळ, तोही किरकोळ.

किनाऱ्यावर निघण्याआधी भरतीचे वेळापत्रक पाहणे आवश्यकच. माँ-सां-मिशेलच्या उपसागरात मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतील फरक 14 मीटरच्या आसपास जातो.