ग्लानि कीं विषाद ?

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रांत ३३ व्यभिचारी भावांची यादी आहे. शाळेंत संस्कृत शिकवीत असतांना ती मी मुलांकडून घोकून घेत असें. तींत ग्लानि निराळी, श्रम निराळा, आलस्य निराळें आणि विषाद तर आणखीच निराळा. मुलें विचारीत, "गुरुजी, एवढे बारीक भेद हवेत कशाला ?" मी उत्तर देईं, "परीक्षेंत विचारतात म्हणून." हे भेद घरांतल्या माणसाच्या जिवाशीं येऊन भिडतात, हें मला सेवानिवृत्तीनंतर, आणि तेंही स्वतःच्या चुकीनें, कळलें.

चार वर्षांपूर्वीं आमच्या धाकट्या सुनेला आठ दिवस ताप आला. ताप उतरला, परंतु तिचें बळ कांहीं परत येईना. रात्रभर निजूनही, डोळ्याला डोळा लागला नसावा अशी ती सकाळीं उठे. ओट्याशीं थोडा वेळ उभी राहिली कीं डोळ्यांपुढें अंधारी येई. वाचलेलें पान पुन्हां वाचावें लागे. रक्ताच्या तपासण्या निर्दोष निघाल्या. मग घरांत ज्यानें त्यानें आपापलें निदान सुरू केलें. आमच्या वहिनींच्या मतें हा शुद्ध आळस. मी पडलों शिकलेला ! मी म्हटलें, आळस नव्हे, हें डिप्रेशन. आणि त्यावर मोकळी हवा व चालणें यांसारखें औषध नाहीं. आठवड्यांतून दोनदां पहांटे मी तिला टेकडीवर नेऊं लागलों. बिचारी 'नाहीं' म्हणाली नाहीं. त्या दिवशीं ती हंसून बोलून चाले. मात्र दुसऱ्या दिवशीं केसांत फणी फिरविण्यापुरताही तिला हात उचलवत नसे. मला वाटे, निश्चय कमी पडतो. दोन महिन्यांत तिनें अंथरूण धरलें.

पुढें ज्या डॉक्टरीणबाईंकडे नेलें, त्यांनीं तिला एकच साधा प्रश्न केला : "उद्यां सकाळीं एकाएकीं बरें वाटलें, तर काय काय कराल ?" सुनेनें एका दमांत यादी सांगितली. मुलाला पोहावयास न्यायचें, अर्धवट राहिलेलें एम्. ए. पुरें करायचें, सासूबाईंना कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला न्यायचें. बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "इच्छा शाबूत आहे, शरीर साथ देत नाहीं. डिप्रेशनच्या रोग्याला पुष्कळदां या प्रश्नाचें उत्तरच सुचत नाहीं." अर्थात् एवढ्यावर निदान होत नाहीं, हेंही त्यांनीं सांगितलें. पंडुरोग, थायरॉइड, मधुमेह, झोपेंत श्वास अडणें, हें सर्व आधीं वगळावें लागतें. तें वगळल्यावर त्यांनीं रोगाचें नांव सांगितलें : क्रॉनिक फटीग सिंड्रोम.

या रोगाचा इतिहास वाचूं लागलों, तेव्हां माझी चूक करणारे माझ्याहून पुष्कळ मोठे लोक होऊन गेले असें आढळलें. १९५५ च्या जुलै महिन्यांत लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलांत अशाच एका दुखण्याची सांथ आली. तेथील २९२ कर्मचारी आजारी पडले व ऑक्टोबरपर्यंत रुग्णालय बंद ठेवावें लागलें. तेथल्याच डॉ. मेल्विन रॅम्से यांनीं या दुखण्याचा पाठपुरावा पुढें आयुष्यभर केला. परंतु १९७० सालीं दोघा मानसरोगतज्ज्ञांनीं, एकाही रोग्याला न तपासतां, जुनीं टिपणें वाचून हा सामुदायिक उन्माद होता असें ठरविलें. आणि त्यांच्या कारणांपैकीं एक असें कीं, रोग्यांत स्त्रिया फार होत्या! आमच्या वहिनींना मग दोष तो काय द्यावा ? १९८८ सालीं अमेरिकेंत या रोगाला आजचें नांव मिळालें. २०१५ सालीं तेथील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेनें, हा मनाचा खेळ नसून सर्व शरीराला ग्रासणारा गंभीर रोग आहे, असें स्पष्ट लिहिलें.

मुख्य खूण थकवा ही नव्हेच. थकवा दोन्हींकडे असतो. खूण ही कीं, थोड्याशा श्रमानें, मग ते अंगाचे असोत वा बुद्धीचे, सर्व लक्षणें बळावतात, आणि तींही पुष्कळदां लगेच नव्हे, तर बारा तासांनीं किंवा दोन दिवसांनीं. त्यामुळें कारण आणि परिणाम यांची सांगड घरच्यांना लागत नाहीं. मला लागली नाहीं. पाय मारण्याच्या यंत्रावर ओळीनें दोन दिवस चांचणी घेतली, तर निरोगी मनुष्य, किंवा नुसती संवय मोडलेलाही, दुसऱ्या दिवशीं जवळजवळ पहिल्याइतकेंच करून दाखवितो. या रोग्यांपैकीं पुष्कळांची शक्ति मात्र दुसऱ्या दिवशीं घटलेली आढळते. म्हणूनच डिप्रेशनमध्यें जो व्यायाम बहुधा हितकर, तोच येथें घातक ठरूं शकतो. इंग्लंडांतील 'नाइस' या संस्थेनें २०२१ सालीं आपलें जुनें मत बदललें, आणि ठराविक मापानें व्यायाम वाढवीत नेण्याचा उपचार या रोग्यांना देऊं नये असें सांगितलें.

यावरून कोणी डिप्रेशनला हलकें लेखूं नये. तोही खराच रोग. त्यांत आवडीच्या गोष्टींतली गोडी जाते, आपण निरुपयोगी आहों असें मन घेतें, जगणें नकोसें होतें. आणि औषधांनीं व समुपदेशनानें पुष्कळांना उतार पडतो. शिवाय वर्षानुवर्षें अंथरुणाला खिळलेला मनुष्य खिन्नही होईल. मग दोन्ही रोग एकत्र नांदतात व दोहोंवर उपचार करावे लागतात. पहिल्या रोगावर मुळापासून बरें करणारें औषध अद्याप नाहीं. आहे तें एवढेंच, कीं अंगांत जेवढी शक्ति शिल्लक, तेवढ्याच्या आंत खर्च ठेवावा.

सुनेला बँकेची नोकरी सोडावी लागली. आतां ती बसून भाजी निवडते, मुलाचा अभ्यास पडल्या पडल्या घेते, आणि थकण्याच्या आधींच थांबते. गेल्या गौरींना पाटावर बसून तिनें मुखवटे सजविले आणि पुढचे दोन दिवस निजून काढले. तो हिशेब तिनें आधींच करून ठेविला होता, आणि त्या दोन दिवसांचा स्वयंपाक वहिनींनीं आपण होऊन अंगावर घेतला. टेकडीवर मी हल्लीं एकटाच जातों.