हिजाब, अबाया, बुरखा: फरक काय आणि तो कोर्टात का महत्त्वाचा ठरला?

आपण सरसकट सगळ्यालाच 'बुरखा' म्हणतो. पण अरबांचा अबाया म्हणजे कपड्यांवरून घालायचा सैल, पायघोळ झगा. त्यात चेहरा झाकलेला असतोच असं नाही. हिजाब फक्त केस आणि मान झाकतो. नकाबात डोळेच दिसतात.

हा नुसता शब्दांचा घोळ नाही. चेंबूरच्या आचार्य-मराठे कॉलेजने हिजाब, टोपी, बॅज यांवर बंदी घातली, तेव्हा विद्यार्थिनी कोर्टात गेल्या. जून २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टाने त्यांची याचिका फेटाळली. ९ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाने मात्र या बंदीला अंतरिम स्थगिती दिली. टिळा-टिकलीवरही बंदी घालणार का, असा (रास्त) सवालही केला. पण वर्गात बुरखा नको, हेही त्याच आदेशात सांगितलं.