फेफरे, हट्ट आणि घर

फेफरे म्हटले की आपल्याकडे अजूनही कोणीतरी कांदा फोडावयास धावतो आणि कोणी चप्पल नाकाशी धरतो. झटका बहुधा दोनएक मिनिटांत आपोआपच थांबतो; श्रेय मात्र चपलेला मिळते. वस्तुतः अशा वेळी करावयाचे फार थोडे असते. मुलाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही सरकवावे, तोंडात पाणी वा चमचा घालू नये आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटे उलटली, तर इस्पितळ गाठावे. एवढे शिकावयास आम्हां उभयतांना एक दिवस पुरला. आमच्या मुलाच्या वागण्याचे काय करावे, हे शिकण्यात मात्र वर्षे गेली, आणि बोलावयाचे आहे ते त्याविषयीच.

मेंदूतील पेशींचा कारभार सूक्ष्म विजेवर चालतो. पुष्कळ पेशी एकदम, बेताल उसळल्या की झटका येतो. ही वीज कागदावर उमटवता येते, हे हान्स बेर्गर या जर्मन डॉक्टराने 1929 साली प्रसिद्ध केले. पण प्रत्येक झटक्यात मूल कोसळतेच असे नाही. काही मुले पाचदहा सेकंद नुसती शून्यात पाहतात, आणि हे दिवसातून अनेकदा घडते. काही ओठ चाटतात, सदऱ्याशी चाळा करतात, हाकेला ओ देत नाहीत. शाळेतून चिठ्ठी येते, ‘लक्ष नाही’. आमच्याकडेही आली, आणि आम्ही त्याला शिक्षा केली. ती गोष्ट आजही सलते.

दुसरे कारण औषधाचे. फेनोबार्बिटल हे 1912 पासून वापरात असलेले स्वस्त औषध. त्याने काही मुले अस्वस्थ, चळवळी होतात. लेव्हेटिरॅसिटॅम या नव्या औषधाने काहींचा संताप वाढतो. हे डॉक्टरांना सांगावे. गोळी मात्र आपल्या मनाने कधीही बंद करू नये. तशाने न थांबणारे झटके येऊ शकतात.

तिसरे कारण आमचे आम्हीच. ‘त्याला रडवू नका हो, फिट येईल!’ हे वाक्य घरात इतक्यांदा उच्चारले गेले की ते त्यालाही पाठ झाले. धाकट्या बहिणीने आपला लाडू, आपली खिडकी, आपली पाळी निमूट सोडून द्यावी, असा शिरस्ताच पडला. गोळी चुकली, झोप मोडली, ताप आला, तर झटक्याची भीती खरी. परंतु ‘नाही’ या एका शब्दाला भिऊन घर चालवावे, असे डॉक्टरांनी आम्हांला कधीच सांगितले नव्हते.

मग या तिन्ही गोष्टी ओळखाव्यात कशा? आम्ही वही घातली. वेळ काय, आधी काय घडले, किती टिकले, नंतर त्याला आठवले का, असे लिहू लागलो; जमेल तेव्हा मोबाइलवर चित्रही घेतले. महिन्याभरात फरक दिसू लागला. झटका साधारण दर वेळी एकाच साच्यात येई, आणि मागून त्याला काही आठवत नसे. हट्टाला हेतू असे. हट्ट अधूनमधून आमच्याकडे वळून पाही! झटक्यानंतरच्या गोंधळलेल्या अर्ध्या तासात तो ढकलून देई, चावेही. तेव्हा त्याला धरून न ठेवता जवळ नुसते बसावे, हेही त्या वहीनेच शिकविले. नवीन बाईंना आम्ही ती शाळेच्या पहिल्याच दिवशी दाखवितो.

सध्या तिसरी वही चालू आहे. तिच्यात झटक्यांच्या नोंदी विरळ आहेत. हट्टांच्या नाहीत, आणि आता त्यांत धाकटीचेही आहेत.